डॉलरने सुरू होणारं वाक्य

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ज्यांनी 'जीपीएस व्हेइकल ट्रॅकिंग' प्रोजेक्ट केला (म्हणजे आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी!) त्यांना हे आठवत असेल. मॉड्यूल अर्डुइनोला जोडायचं, सिरियल मॉनिटर उघडायचा, की दर सेकंदाला ओळी पडायला लागतात. आधी डॉलरचं चिन्ह, मग 'जीपीआरएमसी' अशी अक्षरं, मग स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे. त्यातले अक्षांश-रेखांश उचलायचे, नकाशावर ठिपका टाकायचा, व्हायव्हा पास. ही भाषा आली कुठून, हे एक्सटर्नलने विचारलं नाही आणि आम्हालाही पडलेलं नव्हतं.

तर मंडळी, ती आली बोटीवरून.

अमेरिकेत १९५७ साली नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन, थोडक्यात एनएमईए, सुरू झाली. पुढे बोटींवर लोरान-सी रिसीव्हर आणि ऑटोपायलट आले आणि त्यांनी एकमेकांशी बोलावं अशी गरज पडली. १९८० मध्ये ०१८० हे स्टँडर्ड आलं, पाठोपाठ ०१८२, आणि १९८३ मध्ये ०१८३. हे शेवटचं मात्र टिकलं. साधा मजकूर, सेकंदाला ४८०० बिट्स, एक ओळ जास्तीत जास्त ८२ अक्षरांची. एका तारेवर बोलणारा एकच, ऐकणारे अनेक. पहिली दोन अक्षरं कोण बोलतंय ते सांगतात, पुढची तीन कशाबद्दल ते. लॅपटॉप लावला की माणसाला डोळ्यांनी वाचता येतं. बिघाड शोधायला यापेक्षा काय हवं?

अडचण वाढत्या उपकरणांची. डेप्थ साउंडर, वाऱ्याचं यंत्र, रडार... प्रत्येक बोलणाऱ्यासाठी वेगळी तार! म्हणून २००१ च्या सुमारास एनएमईए २००० आलं. बॉशने १९८६ मध्ये गाड्यांसाठी आणलेली कॅन बस याच्या मुळाशी. एकच मुख्य केबल, तिला टी-कनेक्टरने जोडलेली उपकरणं, दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, आणि वेग सेकंदाला अडीच लाख बिट्स. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता. फक्त आता ते नुसत्या डोळ्यांना वाचता येत नाही, सगळं बायनरी.

पण चांगला चालणारा होकायंत्राचा सेन्सर कोण फेकून देणार? मग मध्ये गेटवे बसवायचा, म्हणजे दुभाष्या. खरी गोष्ट इथे सुरू होते.

आरएमसी या एकाच वाक्यात जागा, वेग, वेळ, तारीख सगळं असतं. नव्या जाळ्यात त्याचे तुकडे होऊन वेगवेगळे संदेश जातात. तारखेत वर्ष दोनच आकडी, नवीन पद्धत मात्र १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस मोजते. शतक कुठलं, ते गेटवेने ठरवायचं! जुना सेन्सर चुंबकीय उत्तर सांगतो, नकाशाला खरी उत्तर दिशा लागते. मुंबईजवळ हा फरक शून्याच्या आसपास आहे, त्यामुळे तो मिळवायचा राहिला तरी पत्ता लागणार नाही. तीच चूक अमेरिकेत मेनच्या किनाऱ्याजवळ पंधरा अंशांच्या आसपास जाते. म्हणजे दहा मैल गेल्यावर बोट अडीच मैलांहून जास्त बाजूला. आणि तिथे खडक असतात.

हे सगळं मी वाचत बसलो कारण मागच्या महिन्यात मी हेच केलं. एका क्लायंटची जुनी सिस्टिम नव्या सर्व्हिसला जोडायचा अडॅप्टर मी लिहिला. जन्मवर्ष दोन आकडी होतं. मी ऐटीत लिहिलं: पन्नासच्या खाली असेल तर वीसशे. टेस्ट डेटा तरुण लोकांचा, सगळं हिरवं. लाइव्ह गेल्यावर १९३९ चा जन्म असलेले लोक २०३९ मध्ये जन्मणार असल्याचं ठरलं, आणि त्यांचे उपचारांचे क्लेम तीन आठवडे नुसते रिजेक्ट होत राहिले. आमच्या लीड मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, त्या फाइलीत शतक नव्हतंच. ते तू घातलंस."

तीन आठवडे म्हणजे माझ्यासाठी एक तिकीट. ऐंशी पार केलेल्या माणसासाठी ते काय असतील, हे मी आजीला विचारलं नाही.

जुनं यंत्र खोटं बोलत नव्हतं, नवंही नाही. जुन्याने जे कधी सांगितलंच नव्हतं ते मधल्या डब्याने स्वतःच्या मनाने भरलं. आता माझा अडॅप्टर अंदाज करत नाही. शतक कळलं नाही की रेकॉर्ड बाजूला काढतो आणि माणसाकडे पाठवतो. हळू चालतो, पण चालतो.

असो. २०२० मध्ये एनएमईएने इथरनेटवरचं वननेट आणलं. तरी ०१८३ गेलेलं नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनवर एखादं जीपीएस तपासणारं अ‍ॅप टाकून बघा, बहुधा तीच डॉलरची ओळ दिसेल. तारीख अजून दोन आकडीच. :)