भोर संस्थानचा जुना नकाशा, मेंदूचा नकाशा आणि अपुरी पडणारी मेमरी

#थ्रेड

पाली आणि सुधागडचा परिसर १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता. त्या काळातील एखादा नकाशा आजच्या सुधागड तालुक्याच्या नकाशावर बसवून पाहा. सरसगड जुळवावा तर अंबा नदीचे वळण सरकते. नदी जुळवावी तर सुधागड बाजूला जातो. कागद आक्रसलेला आणि मोजणी असमान असली, की सबंध नकाशा एकाच मापाने ताणून भागत नाही. जागोजागी निराळा ताण द्यावा लागतो.

क्यूजीआयएसमध्ये यासाठी ‘थिन प्लेट स्प्लाइन’ हा पर्याय आहे. आकारांच्या तुलनेसाठी ही पद्धत फ्रेड बुकस्टीन यांनी १९८९ मध्ये मांडली. तिचे मूळ आणखी मागे, १९१७ मध्ये सापडते. डार्सी थॉम्प्सन यांनी एका माशाच्या चित्रावर चौकटी आखल्या, त्या वाकवल्या आणि त्यातून दुसऱ्या जातीचा मासा उभा केला. मेंदूच्या प्रतिमा एकमेकींवर बसवण्याची विद्या याच घराण्यातली.

तालैराक आणि तूर्नू यांचा प्रसिद्ध मेंदू-नकाशा १९८८ चा. त्याला आधार होता एका साठ वर्षांच्या फ्रेंच स्त्रीच्या मरणोत्तर मेंदूचा. जगभरच्या मेंदूंतील ठिकाणे वर्षानुवर्षे या एका मेंदूच्या मापांत सांगितली गेली! पुढे माँट्रियलच्या संशोधकांनी ३०५ माणसांच्या प्रतिमांची सरासरी काढली. त्यानंतर १५२ जणांचा साचा आला, तो आजही प्रमाण मानला जातो.

साचा मिळाला, तरी मेंदूच्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या. म्हणून अरेषीय जुळवणी आली आणि तिच्यामागोमाग ‘आउट ऑफ मेमरी’ ही सूचनाही.

हिशेब सोपा आहे. १ मिमीच्या साच्यात १८२ × २१८ × १८२, म्हणजे सुमारे ७२ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपका तीन दिशांना किती सरकला हे चार-चार बाइटांत लिहिले, तर ८७ एमबी लागतात. हे काही फार नव्हे. पण ठिपका अर्ध्या मिमीचा केला की संख्या आठपट होते आणि तेच कोष्टक ७०० एमबीजवळ पोहोचते. आकडे दुहेरी अचूकतेने ठेवल्यास १.४ जीबी. शिवाय दोन्ही प्रतिमा आणि मधल्या पायऱ्यांच्या प्रती वेगळ्याच. ३२-बिट संगणकात पत्तेच ४ जीबीपुरते. यंत्रात जास्त मेमरी बसवूनही एका प्रोग्रॅमला त्यापलीकडे जाता येत नसे.

२००७ च्या सुमारास आलेल्या ‘एफनर्ट’ने ताण ठिपक्याठिपक्याला न देता १० मिमी अंतरावरच्या गाठींना दिला. तरीही एका गाठीचा बदल शेजारच्या गाठींशी कसा बांधलेला आहे याची सारणी तो मेमरीत ठेवतो. ढोबळ मानाने १० मिमीला ती पाव जीबीची भरते, ५ मिमीला पावणेदोन जीबीची. जाळे थोडे बारीक केले आणि प्रोग्रॅम कोसळला, ही तक्रार इथून येते. माझ्या मते अशा वेळी आधी आकडे एकेरी अचूकतेवर आणावेत. मग ती सारणी न साठवणारी ‘स्केल्ड कॉन्ज्युगेट ग्रेडियंट’ पद्धत निवडावी, आणि एकाच वेळी चालणाऱ्या जुळवण्या कमी कराव्यात. प्रतिमाच जाड करणे हा शेवटचा उपाय; त्यात घड्यांचा तपशील जातो आणि विस्मरणाच्या आजारात हिप्पोकॅम्पसची सूक्ष्म झीज नेमकी तिथेच निसटते.

(मेमरी वाटून घेण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ चा ‘परम ८०००’ अनेक प्रोसेसरांचा होता आणि प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र होती.)

आता मूळ प्रश्न: बसवायचे कोणाच्या मेंदूवर? हैदराबादच्या ट्रिपल-आयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या प्रतिमांवरून भारतीय मेंदू-नकाशा जाहीर केला. त्यात भारतीय मेंदूची सरासरी लांबी, रुंदी व उंची पाश्चात्त्य साच्याहून कमी निघाली. परक्या साच्यावर आपला मेंदू ताणताना निर्माण होणारा फरक आजाराचा की साच्याचा, हे तपासायला आता दुसरा साचा हाताशी आहे. त्याच्याशी जुळवताना लागणारा ताणही कमी.