अर्धशिशी आणि अॅक्युपंक्चर : पुराव्याच्या बदलत्या कसोटीचा इतिहास

प्रस्तावना :
अर्धशिशी हा मानवाला प्राचीन काळापासून ज्ञात असलेला विकार आहे. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन 'अर्धावभेदक' या नावाने आढळते. चीनमध्ये शिरोवेदनेवर सुईने उपचार करण्याची परंपरा सुमारे दोन हजार वर्षांची आहे. हा उपचार गुणकारी आहे हे कोणत्या काळी कशाच्या आधारे मानले गेले, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

राजदरबारातील साक्ष :
इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथात शिरोवेदनेचे प्रकार सांगून त्यांवर कोठे सुई टोचावी याचे विवेचन केलेले आहे. तिसऱ्या शतकातील इतिहासकार छेन शौ याने सेनानी त्साओ त्साओ याच्या जुनाट डोकेदुखीची हकीकत नोंदविली आहे. वैद्य ह्वा तुओ सुई टोचताच वेदना थांबे. परंतु घरी गेलेला वैद्य परत येण्यास नकार देऊ लागला, तेव्हा त्साओ त्साओने त्याला ठार मारविले. या वेदनेला आजच्या अर्थाने अर्धशिशी म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि, एका रुग्णाला आराम पडला हाच त्या काळी पुरेसा पुरावा होता, हे येथे स्पष्ट दिसते.

इ.स. ६८३ मध्ये तांग सम्राट गाओझोंग तीव्र डोकेदुखी व अंधुक दृष्टीने ग्रासला होता. डोक्याला सुई टोचून थोडे रक्त काढावे, असे वैद्य छिन मिंगहे याने सुचविले. सम्राटाच्या मस्तकातून रक्त काढण्याच्या कल्पनेनेच सम्राज्ञी वू झेत्यान संतापली. मात्र सम्राटाच्या आग्रहाने उपचार झाला आणि आपल्याला स्पष्ट दिसू लागल्याचे त्याने सांगितले. त्याच वर्षअखेरीस त्याचा मृत्यू झाला. पुढे १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यक संस्थेतील अॅक्युपंक्चरचा विभाग बंद केला. सम्राटाच्या देहाला सुई लावणे अनुचित, हे त्यामागील कारण होते. उपचाराचा स्वीकार असो वा निषेध, निर्णय गुणावगुणांच्या तपासणीवर नव्हे, तर राजदेहाच्या प्रतिष्ठेवर होत असे.

भारतातील आगमन :
१९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू यांचा समावेश होता. कोटणीस यांचे १९४२ मध्ये चीनमध्येच निधन झाले. डॉ. बसू मायदेशी परतले. पुढे पुन्हा चीनला जाऊन ते अॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून त्यांनी भारतात या पद्धतीचा प्रसार सुरू केला. महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमाने अॅक्युपंक्चर परिषदेची तरतूद झाली.

जर्मनीतील कसोटी :
राजाची साक्ष मागे पडून रुग्णांची मोजणी पुढे आली, ती विसाव्या शतकात. जर्मनीतील आरोग्य विमा संस्थांनी या उपचाराचा खर्च द्यावा का, हे ठरविण्यासाठी २००० नंतर तेथे मोठ्या चाचण्या घेण्यात आल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०२ अर्धशिशी रुग्णांच्या चाचणीत काहींना शास्त्रोक्त बिंदूंवर, काहींना बिंदू नसलेल्या जागी उथळ सुया टोचल्या गेल्या, तर काहींना प्रतीक्षायादीत ठेवले गेले. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने वा त्याहून अधिक कमी झालेल्या रुग्णांचे प्रमाण अनुक्रमे ५१, ५३ व १५ टक्के होते. २००६ मधील ९६० रुग्णांच्या चाचणीत शास्त्रोक्त सुया, अन्य जागी टोचलेल्या सुया व प्रचलित औषधे यांचे प्रमाण अनुक्रमे ४७, ३९ व ४० टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

२००७ पासून जर्मनीत कंबरदुखी व गुडघ्याच्या संधिवातासाठी हा खर्च मान्य झाला. डोकेदुखीसाठी मात्र झाला नाही. कंबरदुखीत सुयांनी प्रचलित उपचारांना मागे टाकले होते, अर्धशिशीत त्या केवळ औषधांच्या बरोबरीला आल्या होत्या. वस्तुतः ज्यांना औषधे सोसत नाहीत, अशा रुग्णांच्या दृष्टीने ही बरोबरीच मोलाची होती. इंग्लंडमधील २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी नेमका हाच विचार केला : प्रतिबंधक औषधे अयोग्य वा निष्फळ ठरल्यास ५ ते ८ आठवड्यांत १० पर्यंत सत्रांचा विचार करावा. २०१६ मध्ये २२ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात शास्त्रोक्त सुयांचा लाभ लुटुपुटीच्या सुयांहून किंचित अधिक आढळला : ४१ च्या तुलनेत ५० टक्के.

निष्कर्ष :
या इतिहासात दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळलेले दिसतात : रुग्णाला आराम पडतो का, आणि आराम पडण्याचे सांगितले जाणारे कारण खरे आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. दुसऱ्याचे तसे नाही. कारण बिंदू चुकवूनही बराचसा लाभ टिकून राहतो. सिद्धान्त डळमळला म्हणून रुग्णाचा आराम खोटा ठरत नाही, आणि आराम पडला म्हणून सिद्धान्त सिद्ध होत नाही. या उपचाराला कायद्याने मान्यता देणाऱ्या समाजाने रुग्णाला या दोन्ही गोष्टी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.