पाखरे, पिके आणि हत्यारे : वर्‍हाडातील राखणीचा इतिहास

अमरावती-अकोल्याकडे एक प्रश्न अधूनमधून कानावर येतो. परसात उंदीर-घुशींनी उच्छाद मांडला आहे, फावल्या वेळी नेम धरण्याचीही हौस आहे. तर छर्‍याचे पिस्तूल घ्यावे काय, आणि घ्यायचे तर कोणते? प्रश्न वरवर पाहता बाजारातला आहे आणि वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याकडे वळून पाहावे असे त्यात काही दिसत नाही. परंतु त्यात दोन जुन्या गोष्टी दडलेल्या आहेत : उपद्रवी कोणाला म्हणायचे, आणि त्याच्यावर उगारायचे हत्यार कोणाच्या हाती असू द्यायचे. या दोहोंचा वर्‍हाडातील इतिहास पाहिला, तर पिस्तुलाच्या निवडीचे उत्तरही सापडते. मात्र त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

राखणीचे काम आपल्या वाङ्मयाइतकेच जुने आहे. हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत शेत ही केवळ पार्श्वभूमी नाही. उभ्या पिकाचा आडोसा हेच तेथील कित्येक नायिकांचे संकेतस्थळ आहे. साळीचे शेत पिकून पांढरे पडू लागले की त्या कासावीस होतात. कालिदासाच्या रघुवंशातील चौथ्या सर्गात साळीचे रक्षण करणार्‍या स्त्रिया उसाच्या सावलीत बसून रघूचे यश गातात. या राखणदारिणींच्या हाती कवीने शस्त्र दिलेले नाही. त्यांचे गाणे हीच त्यांची हजेरी आणि तोच पाखरांना इशारा. मल्लिनाथापासून आजवरच्या टीकाकारांनी त्या गाण्यातील राजस्तुती पाहिली. गाण्याचा शेतीतला उपयोग फारसा कोणी पाहिला नाही, असे आम्हांला वाटते.

आवाज पुरेना तेव्हा गोफण आली. शब्द संस्कृतातला आहे आणि त्याच्या वयाचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळतो. सुश्रुताने जखमेवर बांधायच्या पट्ट्यांचे जे चौदा प्रकार सांगितले, त्यांतील एकाचे नाव 'गोफणा' असे आहे. हनुवटी, नाक, ओठ अशा भागांना खालून झेलून धरणारी ही पट्टी. मध्ये रुंद झोळी आणि दोन्ही बाजूंना दोर, ही आकृती वैद्याच्या शिष्याला नुसत्या नावाने कळावी इतकी ती वस्तू त्या काळी परिचयाची असली पाहिजे. गोफणीचा एक दोर बोटात अडकलेला राहतो, दुसरा ऐन क्षणी सुटतो. सुटताना जो फटकारा वाजतो त्याने निम्मे काम होते. गोटा थव्याच्या मध्यावर पडला तर थवा उठतो, शेजारच्या शेतात जाऊन बसतो, आणि मग तिथली गोफण फिरू लागते. पाखरे मारणे हा गोफणीचा हेतू क्वचितच असे. त्यांना दिवसभर हलते ठेवणे, एवढेच तिचे काम.

महिपतींनी सांगितलेल्या तुकोबांच्या चरित्रात राखणीचा एक प्रसंग आहे. धान्याच्या बोलीवर तुकोबांना शेत राखायला ठेवले, त्यांनी पाखरांना हाकलले नाही, शेत खाऊन गेले. मालकाने तक्रार केली आणि पुढे त्याच शेतात अपेक्षेहून अधिक धान्य निघाले. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेतली तक्रार खरी आहे. ज्याचे वर्षाचे पोट त्या कणसांवर आहे, त्याला भूतदया परवडत नाही, आणि ज्याला ती परवडते त्याची संतात गणना होते. आजच्या वन्यजीव-वादात दोन्ही बाजू हीच कथा अर्धी-अर्धी सांगतात.

शब्दांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. 'गलोल' फारसीतून आली. तिथे हा मातीची गोळी फेकणार्‍या धनुष्याचा शब्द. आज आपण जिला गलोल म्हणतो, ती रबरी पट्ट्यांची दुबेळकी, एकोणिसाव्या शतकात रबराला टिकाऊपणा देण्याची कृती सापडल्यानंतरची वस्तू आहे. तिने जुने नाव तेवढे उचलले. 'बंदूक' तर त्याहून गमतीची. अरबीतला 'बुंदुक' म्हणजे एका झाडाचे कवचाचे फळ; त्यावरून तशी वाटोळी गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार. म्हणजे 'छर्‍याची बंदूक' म्हणताना आपण गोळीचेच नाव दोनदा घेतो.

आता हत्यार कोणाच्या हाती, याकडे वळू. १८५३ च्या तहानंतर वर्‍हाड नावापुरता निजामाचा राहिला आणि कारभार इंग्रजांकडे गेला. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे त्यामुळे इथे आपोआप लागत नसत, वेगळ्या हुकमाने लावले जात. पण परवान्याशिवाय शस्त्र नाही हे धोरण इथेही पोहोचले. १८७८ चा शस्त्रकायदा लिटनच्या कारकिर्दीतला. परवान्याची सक्ती आणि त्यातून युरोपीयांना दिलेली सूट, अशी त्याची दुहेरी रचना होती, आणि ती सुशिक्षितांना अपमानास्पद वाटली. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासूनच हा कायदा सौम्य करण्याची मागणी लावून धरली. दहा वर्षांनी, डिसेंबर १८९७ मध्ये, सभेचे अधिवेशन अमरावतीत भरले. शंकरन नायर अध्यक्ष होते, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. त्या वेळी टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. शस्त्राचा प्रश्न तेव्हाच्या राजकारणात स्वाभिमानाचा प्रश्न होता. शेतकर्‍याच्या दृष्टीने मात्र तो रानडुकराचा प्रश्न होता, आणि या दोन प्रश्नांची गाठ सभामंडपात फारशी पडली नाही.

स्वातंत्र्यानंतरचा कायदा याहून बोलका आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी परवाना देण्याची तरतूद आहे. परंतु ती कोणत्या हत्यारासाठी? ठासणीच्या बंदुकीसाठी. तोंडातून दारू ठासायची, गोळी ठासायची, मग बार काढायचा. स्पुटनिक आकाशात जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि शेतकर्‍याच्या वाट्याला कायद्याने काढून ठेवलेले हत्यार मात्र शे-दीडशे वर्षांपूर्वीचे होते. संरक्षण किंवा खेळ हे कारण दाखवणार्‍याला त्याच कलमात वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची, आतून गुळगुळीत बंदूक मिळू शकते. ठासणीची पुरत नाही अशी अधिकार्‍याची खात्री पटली तर शेतकर्‍यालाही ती देता येते, असे परंतुक आहे खरे. पण खात्री पटवण्याचा भार शेतकर्‍यावर आहे.

या कथेत एक समाज नेहमी गाळला जातो. फासेपारधी हे नावच फाशावरून पडले. हरणे, तितर, लावे फाशाने धरणे ही त्यांची विद्या, आणि तिला बंदूकही लागत नव्हती, परवानाही. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात वर्‍हाडातील टाकणकारांची नोंद आहे. जात्याला टाके घालून देणारी ही पारध्यांचीच शाखा. ज्यांच्याजवळ पिकाला त्रास देणारे जनावर धरण्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मुरलेले ज्ञान होते, त्यांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीने संशयित ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला. वीस वर्षांनी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण अधिनियम आला आणि उरलेसुरले फासेही गुन्हा ठरले. या कायद्याची गरज आम्ही नाकारत नाही. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला नसता तर आज तिथे काय उरले असते, हे सांगायला ज्योतिषी नको. परंतु साहेबाची शिकार आठवणींच्या पुस्तकांत गेली आणि पारध्याची पोलिसांच्या नोंदवहीत, हा फरक विद्यार्थ्यांपुढे ठेवलाच पाहिजे.

मग गोफण का गेली? बंदुकीमुळे नव्हे. गोफण ज्वारीबरोबर गेली. वर्‍हाडच्या काळ्या जमिनीत ज्वारी आणि कापूस ही जोडी होती; ज्वारीच्या कणसावर पाखरांची धाड, म्हणून माळा, म्हणून दिवसभराची राखण, म्हणून हुरड्याच्या दिवसांतली शेतातली वस्ती. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. सोयाबीनच्या शेंगेत पाखराला रस नाही. दिवसाची राखण संपली आणि पोरासोरांचे, म्हातार्‍यांचे एक काम संपले. त्याच सुमारास रोही आणि रानडुकरे वाढली, आणि ती येतात रात्री. म्हणून आता राखण उरली ती 'जागली'. दिवसाच्या राखणीने गाणी दिली. जागलीने अजून तरी बातम्याच दिल्या आहेत : बिबट्याच्या, सापाच्या, आणि कुंपणात वीज सोडल्याने गेलेल्या माणसांच्या. झटका मशीन त्या मानाने बरे. त्याचा धक्का क्षणिक असतो आणि जीव घेत नाही. माकडांसाठी प्लॅस्टिकच्या नळीत कार्बाइड आणि पाणी घालून बार काढतात. त्या खेळण्याने २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अनेक मुलांचे डोळे दुखावले.

या सर्व पसार्‍यात छर्‍याचे पिस्तूल कुठे बसते? हवेच्या दाबावर चालणारे हत्यार मुळात खेळणे नव्हते. ऑस्ट्रियाच्या सैन्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस जिरार्दोनीची हवाबंदूक होती. पिस्तूल खेळाचे झाले ते पुढे. दहा मीटरची हवाई पिस्तूल स्पर्धा १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकपासून आहे. तिच्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे असते, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढे. हे हत्यार कशासाठी बनले आहे, ते या मापावरून कळते : कागदासाठी.

भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि वीस जूलपर्यंतच्या शक्तीच्या हवाई हत्याराला परवाना लागत नाही. घ्यायचेच तर याच मर्यादेतले घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. स्प्रिंगचे पिस्तूल स्वस्त, टिकाऊ. मात्र ते ताणायला मनगटात जोर हवा, आणि स्प्रिंगचा धक्का पुढे-मागे दोन्हीकडे बसत असल्याने नेम शिकायला वेळ लागतो. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीवरचे चालवायला सोपे. पण तो वायू ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहू शकत नाही आणि पुढे दाब झपाट्याने चढतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ती नळकांडी उन्हातल्या गाडीत ठेवणे धोक्याचे. आधी हवा भरून ठेवायची स्पर्धेची पिस्तुले सर्वांत अचूक आणि सर्वांत महाग. हौशी माणसाने स्प्रिंगचे घ्यावे, चपट्या तोंडाचे छर्रे घ्यावेत, कारण ते कागदाला स्वच्छ भोक पाडतात. डोळ्यांना चष्मा लावावा आणि लक्ष्यामागे छर्रा अडेल अशी मातीची भिंत असावी. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

उपद्रवाचे म्हणाल, तर पिस्तूल त्यासाठी घेऊ नये. ब्रिटनमध्ये हवाई पिस्तुलाची विनापरवाना मर्यादा आठ जूलच्या आसपास आहे. बाजारातली बहुतेक पिस्तुले त्या आतच बसतात. एवढ्या शक्तीने चार-दोन हातांवरचा उंदीर कदाचित मरेल. घूस जखमी होऊन बिळात जाईल आणि तिथे कुजेल. कावळा, पोपट, साळुंकी यांच्यावर तर नेम धरूच नये. कावळा, उंदीर, वटवाघूळ यांना 'उपद्रवी' म्हणणारी जुनी पाचवी अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातून काढून टाकली; तेव्हा 'कावळा मारला तर चालतो' हे ऐकीव ज्ञान आता लागू नाही. रोही आणि रानडुकराबाबत वनखात्याची परवानगी हाच मार्ग आहे, आणि तिथे छर्‍याचा काही संबंध नाही. घरच्या घुशीसाठी पिंजरा, धान्याची बंद कोठी, आणि जुन्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी असेल तर तिला हुसकावून न लावणे, एवढे पुरते. रात्रभरात ते जोडपे जेवढे उंदीर उचलते तेवढे पिस्तूलवाल्याला महिन्यात जमत नाहीत, आणि त्याला परवानाही लागत नाही.