ल मोर्नची वाट

वर्धा जिल्ह्यांत पुलगांवानजीक नाचणगांवच्या शिवारांत जी काळी माती कपाशी पिकविते, ती मुळांत झिजलेला काळा दगड होय. सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं ज्या तप्त स्थानांतून शिलारस उसळून दख्खनवर थरावर थर पसरला, त्याच स्थानानें फार पुढें, 80-90 लक्ष वर्षांपूर्वीं, हिंदी महासागरांत मॉरिशस बेट वर आणलें, असें भूस्तरशास्त्रज्ञ मानतात. नाचणगांवच्या शेतकऱ्याच्या पायास लागणारा चिखल आणि त्या बेटाच्या नैर्ऋत्य टोकाचा ल मोर्न ब्राबां हा डोंगर एकाच चुलीवरचे म्हणावयाचे. हें नातें भूमीचें झालें; माणसांचें नातें अलीकडचें व अधिक कडू आहे.

ल मोर्नची उंची अवघी 556 मीटर, म्हणजे 1,800 फुटांहून किंचित अधिक. सह्याद्रि पाहिलेल्या माणसास ती किरकोळ वाटावी. परंतु येथें समुद्रकांठापासूनच चढूं लागावें लागतें, आणि हवा दमट. वाटेचा पहिला भाग रुंद व सुसह्य आहे. नंतर मात्र ती उभ्या खडकास भिडते, आणि पायांइतकेंच काम हातांस करावें लागतें. पाऊस पडून गेला असेल तर दगडावर पाऊल ठरत नाहीं. ही वाट शिखरापर्यंत जातच नाहीं. अलीकडेच एका लोखंडी क्रुसापाशीं थांबते. याच डोंगराच्या कड्यांवर एक लाल फूल फुलतें, जें जगांत इतरत्र कोठेंही रानांत आढळत नाहीं. त्याचें फ्रेंच नांव ‘कर्णभूषण’ या अर्थाचें असून 1992 सालीं तें मॉरिशसचें राष्ट्रीय पुष्प ठरलें.

आज हौसेनें चढावयाचा हा कडा एके काळीं जीव मुठींत धरून चढण्याचा होता. फ्रेंचांनीं 1715 सालीं बेट घेतलें. मादागास्कर व मोझांबिक येथून, कांहीं थोडे हिंदुस्थानांतूनही, गुलाम आणून त्यांजकडून मळे पिकविण्यांत आले. 1723 च्या फ्रेंच कायद्यान्वयें महिनाभर पळून राहिलेल्या गुलामाचे कान कापून खांद्यावर डाग देत, पुन्हां पळाल्यास गुडघ्यामागील शीर तोडीत, तिसऱ्यांदा मृत्युदंड. एवढें ठाऊक असूनही माणसें पळत, आणि ल मोर्नच्या गुहांतून दडून राहत. चढण जितकी अवघड तितकी ती त्यांस सोईची होती!

1810 मध्यें बेट इंग्रजांच्या हातीं गेलें आणि 1 फेब्रुवारी 1835 रोजीं तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली. ही वार्ता सांगण्यास शिपायांची तुकडी ल मोर्नवर गेली. ती आपणांस धरावयास येत आहे असें समजून वर लपलेल्यांनीं कड्यावरून उड्या घेतल्या, अशी तेथील लोककथा आहे. कथेच्या प्रत्येक तपशिलास कागदाचा आधार मागणें योग्यच. तथापि डोंगरावरील गुहांत पळालेल्यांच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या आहेत. आणि ज्यांनीं शिपायांच्या हातीं साखळदंडाखेरीज कधीं कांहीं पाहिलें नव्हतें, त्यांनीं त्यांच्या हातांतील जाहीरनाम्यावर विश्वास तरी कसा ठेवावा?

गुलाम सुटण्याआधींच त्यांच्या जागीं माणसें आणण्याची तजवीज चालू झाली होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजीं ‘अ‍ॅटलस’ जहाजानें कलकत्त्याहून 36 मजूर बेटावर उतरविले. पुढें साडेचार लक्षांच्या सुमारास हिंदी माणसें गिरमिटावर तेथें गेलीं. त्यांत मुंबई बंदरांतून निघालेले रत्नागिरीकडील मराठी लोकही होते. हे गुलाम नव्हते खरे. पण 1867 च्या कायद्यानें करार पुरा केलेल्या मजुरासही स्वतःचें छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, नाहीं तर भटका म्हणून त्यास पकडीत. ल मोर्न ज्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यांत आहे, तेथेंच कास्काव्हेल येथें मराठी मंडळींनीं घरें केलीं. मॉरिशसांतील गणेशोत्सवास 1896 सालीं आरंभ झाला असें ते सांगतात.

गिरमिटवाले ज्या धक्क्यावर उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 सालीं, आणि ल मोर्न 2008 सालीं, जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. मॉरिशसांत 1 फेब्रुवारी व 2 नोव्हेंबर या दोन्ही दिवशीं सुटी असते. पहिल्या दिवशीं लोक ल मोर्नच्या पायथ्याशीं जमतात, दुसऱ्या दिवशीं घाटावर.