'बंड' की 'स्वातंत्र्यसमर' : १८५७ च्या नामकरणाचा वाद आणि कारणमीमांसेचा प्रश्न

प्रस्तावना

इतिहासातील एखाद्या घटनेला दिलेले नाव हे तिचे नुसते लेबल नसते. त्या नावातच तिच्या कारणांविषयीचा निर्णय दडलेला असतो. १८५७ च्या उठावाबाबत हे विशेषत्वाने खरे आहे. 'शिपायांचे बंड' म्हटले की कारण छावणीत शोधले जाते, 'स्वातंत्र्यसमर' म्हटले की ते राष्ट्राच्या अंतःकरणात शोधले जाते. दोन्ही नावांमागे राजकारणी पुरुषांचे हेतू उभे होते. प्रस्तुत लेखात या नामकरणाचा मागोवा मराठी साधनांच्या आधाराने घेतला असून, या वादात फारसा न उच्चारला गेलेला तिसरा शब्द, म्हणजे 'यादवी', याकडे लक्ष वेधले आहे.

पार्लमेंटमधील शब्द

हा वाद भारतीय इतिहासकारांनी सुरू केला, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. २७ जुलै १८५७ रोजी, म्हणजे दिल्ली अद्याप उठाववाल्यांच्या हाती असताना, ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात विरोधी पक्षाचे नेते बेंजामिन डिझरायली यांनी हाच प्रश्न उपस्थित केला होता : हे लष्करी बंड आहे की राष्ट्रीय उठाव? काडतुसांना लावलेल्या चरबीने साम्राज्ये कोसळत नसतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. देशी राजसत्तांचा बळजबरीने केलेला नाश, जमीनधारणेत केलेली ढवळाढवळ आणि धर्मात केलेला हस्तक्षेप ही तीन कारणे त्यांनी पुढे ठेवली.

डिझरायलींना भारतीयांचा कळवळा होता असे मानण्याचे कारण नाही. लॉर्ड पामर्स्टन यांच्या सरकारला अडचणीत आणणे हा त्यांचा उघड हेतू होता. 'लष्करी बंड' हा शब्द मान्य झाला तर दोष पलटणींचा आणि त्यांवरील अधिकाऱ्यांचा ठरे; 'राष्ट्रीय उठाव' मान्य झाला तर सातारा (१८४८), झाशी (१८५४) आणि अयोध्या (१८५६) ही राज्ये खालसा करणाऱ्या डलहौसींच्या धोरणालाच जाब विचारावा लागे. शब्दाची निवड ही अशा रीतीने जबाबदारीची वाटणी होती.

गंमत अशी की सरकारने शब्द एक स्वीकारला आणि कृती दुसऱ्या शब्दाला अनुसरून केली. अधिकृत भाषेत 'म्युटिनी' कायम राहिले; परंतु १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप न करण्याचे आणि संस्थानिकांचे हक्क राखण्याचे अभिवचन देण्यात आले. नुसत्या काडतुसांचा प्रश्न असता तर दत्तकाच्या आणि धर्माच्या आश्वासनांची गरज पडली नसती.

राजद्रोह कोणाचा?

'बंड' या शब्दाला कायद्याचीही एक बाजू आहे. ज्याच्याशी निष्ठा बांधलेली असेल त्याच्याविरुद्धच बंड होऊ शकते. १८५८ च्या प्रारंभी लाल किल्ल्यात बहादुरशाह जफर यांच्यावर खटला चालला, तेव्हा त्यांना कंपनी सरकारचे पेन्शनर आणि प्रजाजन मानण्यात आले. वास्तविक कंपनीने बंगालची दिवाणी १७६५ मध्ये मोगल बादशहाकडूनच मिळवली होती. या विसंगतीवर बोट ठेवून एफ. डब्ल्यू. बकलर यांनी १९२२ मध्ये असे प्रतिपादन केले की, बंडखोर कोणी असेलच तर ती कंपनी होय. हे मत टोकाचे आहे. परंतु 'बंड' हा शब्द गृहीतच धरून चालणाऱ्यांना त्याचे उत्तर द्यावे लागते.

मराठी वाचकाला हाच युक्तिवाद तात्या टोपे यांच्या जबानीत आढळेल. नरवरच्या मानसिंगाच्या विश्वासघाताने पकडले गेल्यावर एप्रिल १८५९ मध्ये शिप्री येथे त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. आपण जे केले ते आपल्या धन्याच्या, म्हणजे प्रथम नानासाहेबांच्या आणि नंतर रावसाहेबांच्या आज्ञेने केले, असे त्यांचे म्हणणे होते. पेशव्यांचा चाकर इंग्रजांशी बेइमान कसा ठरतो, हा त्यामागचा प्रश्न होय. १८ एप्रिल रोजी त्यांना फाशी देण्यात आली. जबानीत 'स्वातंत्र्य' ही कल्पना नाही, 'बंडा'ची कबुलीही नाही; आहे ती चाकरीची आणि इमानाची भाषा.

गोडसे भटजींचे 'बंड'

वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ या संदर्भात मोलाचा आहे. घरचे कर्ज फेडावे या हेतूने, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, १८५७ मध्ये ते उत्तरेस निघाले आणि थेट उठावाच्या वणव्यात सापडले. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांनी झाशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा गोडसे शहरातच होते. कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

गोडसे या सर्व प्रकाराला सरळ 'बंड' म्हणतात, आणि तरीही राणी लक्ष्मीबाईंविषयी त्यांच्या मनात अपार आदर आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. 'बंड' या मराठी शब्दाला त्या काळी 'म्युटिनी'चा तुच्छतादर्शक वास नव्हता. प्रस्थापित सत्ता झुगारून शस्त्र उचलणे एवढाच त्याचा आशय होता. ते योग्य की अयोग्य, हे शब्द सांगत नसे. इंग्रजी शब्दाचा भार आपण मराठी शब्दावर लादला आणि नंतर त्या भाराविरुद्ध तक्रार केली, असे म्हणावे लागते.

कारणांविषयी गोडसे जे ऐकले ते लिहितात. कंपनी सरकारने राजेरजवाड्यांपुढे धर्म बुडविणारी चौऱ्याऐंशी कलमे ठेवली, ही शिपायांकडून कळलेली हकिकत ते देतात. अशी यादी प्रत्यक्षात नव्हती. तथापि विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा आहे, आणि नव्या शिपायांना समुद्रापार जाणे बंधनकारक करणारा भरतीचा नियमही त्याच वर्षाचा. अफवेने खऱ्या गोष्टींना आकडा चिकटवला, इतकेच. अफवा हे कारणाचे विश्वसनीय वर्णन नसते. लोकांना कारण काय वाटत होते याचा मात्र तो अस्सल पुरावा असतो.

या ग्रंथाची प्रकाशनकथाही बोलकी आहे. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये तो भाषेत व मजकुरात फेरफार करून छापला. मूळ हस्तलिखितावरून केलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ मध्ये आली. मधली एकोणसाठ वर्षे मराठी वाचक सरकारच्या धाकाने संस्कारित झालेला मजकूर वाचत होता.

यादवी

१ जून १८५८ रोजी ग्वाल्हेरजवळ जे घडले त्याला काय म्हणावे? एका बाजूला रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीची राणी. दुसऱ्या बाजूला जयाजीराव शिंदे. लढाई पेशव्यांची आणि त्यांच्याच जुन्या सरदाराच्या वंशजाची. शिंद्यांचे बहुतेक सैन्य पेशव्यांस मिळाले आणि जयाजीराव आग्र्यास निघून गेले. त्यापूर्वी, १८५७ मध्ये, झाशीवर पहिला हल्ला इंग्रजांनी नव्हे तर शेजारच्या ओरछा संस्थानाच्या नत्थेखानाने केला होता. दिल्ली परत घेणाऱ्या फौजेत शीख आणि गुरखे मोठ्या संख्येने होते. मुंबई इलाख्यात ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापूरची २७ वी पलटण उठली, पण इलाख्याच्या सैन्याचा बहुतांश भाग कंपनीशी एकनिष्ठ राहिला.

पुण्यातही सर्वांच्या इच्छा एक नव्हत्या. पेशवाई परत येणे म्हणजे काय, याचा अर्थ शनिवार वाड्याच्या परिसरातील ब्राह्मण कुटुंबाला एक आणि शूद्रातिशूद्रांसाठी शाळा चालविणाऱ्या जोतीराव फुले यांना दुसरा होता. फुले यांनी या उठावाकडे ब्राह्मणी सत्तेच्या पुनरागमनाचा धोका म्हणून पाहिले. त्यांना केवळ इंग्रजधार्जिणे ठरवून मोकळे होणे हा अभ्यास नव्हे.

'यादवी' हा शब्द मात्र दोन्ही पक्षांना गैरसोयीचा होता. इंग्रजांना तो नको होता, कारण यादवीत तिऱ्हाइताला राज्यकर्त्याचा नैतिक अधिकार उरत नाही. राष्ट्रवाद्यांना नको होता, कारण त्यांना एकसंध राष्ट्र दाखवायचे होते.

विसाव्या शतकातील वाद

विनायक दामोदर सावरकर यांचा ग्रंथ १९०९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला, तोही प्रकाशनापूर्वीच बंदी घातली गेल्यावर; बंदी उठली १९४६ मध्ये. स्वधर्म आणि स्वराज्य ही त्यांनी मांडलेली मूळ कारणे. ग्रंथाचा उद्देश स्फूर्ती देणे हा होता आणि तो त्यांनी लपविलेला नाही. १९५७ च्या शताब्दीच्या वेळी सरकारने इतिहासलेखन सुरेंद्रनाथ सेन यांच्याकडे सोपविले. त्याच वर्षी रमेशचंद्र मजुमदार यांनी स्वतंत्र ग्रंथात 'पहिले', 'राष्ट्रीय' आणि 'स्वातंत्र्ययुद्ध' ही तिन्ही विशेषणे नाकारली. मतभेद तीव्र होते, पण ते कागदपत्रांच्या आधारे चालले.

अलीकडे हा वाद पुन्हा व्यासपीठांवर गेला आहे. ओडिशातील १८१७ चा पाईक उठाव 'पहिले स्वातंत्र्ययुद्ध' म्हणून पाठ्यपुस्तकांत येईल, अशी घोषणा तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री, पुण्याचेच प्रकाश जावडेकर यांनी २०१७ मध्ये केली. २०२१ मध्ये त्याच सरकारच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी राज्यसभेत ती संज्ञा देता येणार नाही असे सांगितले. सावरकर नसते तर १८५७ हे केवळ बंड म्हणून ओळखले गेले असते, असे अमित शाह २०१९ मध्ये वाराणसीत म्हणाले. नाव रूढ करण्यात सावरकरांचा वाटा निर्विवाद मोठा आहे. 'राष्ट्रीय उठाव' ही कल्पना मात्र, वर पाहिल्याप्रमाणे, त्यांच्या जन्मापूर्वी सव्वीस वर्षे पार्लमेंटमध्ये मांडली गेली होती.

'पहिले' या विशेषणाचा मोह पुण्यालाही आहे. १८३२ मध्ये येथे फाशी गेलेले उमाजी नाईक 'आद्य क्रांतिकारक' म्हणून गौरविले जातात आणि १८७९ मध्ये येथेच खटला चाललेले वासुदेव बळवंत फडकेही. एकाच्या उठावामागे पेशवाई गेल्यावर रामोशांची हिरावली गेलेली पुरंदरची चाकरी आणि जमिनी होत्या. दुसऱ्याच्या मागे १८७६-७७ च्या दुष्काळाने होरपळलेला दख्खन. 'आद्य' कोण याचीच चर्चा होत राहिल्याने या दोन कारणांमधील दुवा दुर्लक्षित राहतो. फडके यांचे साथीदार मुख्यतः रामोशीच होते, आणि त्यांचा प्रमुख दौलतराव नाईक १८७९ मध्येच इंग्रज फौजेशी झालेल्या चकमकीत मारला गेला.