फुकट मुक्कामाने विमाने येत नाहीत

लहान विमानतळांचा विषय निघाला की विदर्भात एक मत हमखास ऐकू येते. खासगी जेट रात्रभर उभे राहिले तर त्याचे भाडे घेऊ नये. घ्यायचेच तर नावापुरते घ्यावे. वर्धा जिल्ह्यात नागरी विमानतळ नाही. आपल्याकडे येणारा उद्योजक, शल्यविशारद किंवा मंत्री नागपूरला उतरतो आणि पुढचा रस्ता मोटारीने गाठतो. एप्रिल 2025 मध्ये अमरावतीचा बेलोरा विमानतळ प्रवासी सेवेसाठी खुला झाला, यवतमाळची धावपट्टी त्याआधीपासून आहे. त्यामुळे 'आपल्याकडेही धावपट्टी हवी आणि तिथे मुक्काम फुकट हवा' असे म्हणणाऱ्यांना बळ आले आहे. यातली पहिली मागणी वेगळी तपासावी लागेल. दुसरी मला साफ चुकीची वाटते.

आधी पूर्वपक्ष पूर्ण मांडतो. त्याचे तीन मुद्दे आहेत. एक, लहान विमानतळावर जागा रिकामीच असते, मग तिचे भाडे कसले? दोन, भाडे लावले तर वैमानिक प्रवाशांना उतरवून नागपूरला निघून जाईल आणि इंधन, हॉटेल, टॅक्सी यांचा धंदा बुडेल. तीन, सरकार स्वतःच 'उडान' योजनेतल्या फेऱ्यांना लँडिंग आणि पार्किंग शुल्क लावत नाही. शिवाय ज्या राज्यांनी विमान इंधनावरचा कर पाच टक्के किंवा त्याखाली आणला, तिथे भारतीय विमानतळ प्राधिकरणाने रात्री दहा ते सकाळी सहाचे पार्किंग शुल्क तत्त्वतः माफ केले आहे. मग जेटनेच काय घोडे मारले?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण सरकारी दाखल्याचे वजन जास्त पडते. या सवलती नियमित देशांतर्गत सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत. 'उडान'मधली कंपनी सवलतीच्या बदल्यात काही बंधने पत्करते. ठरलेल्या मार्गावर विमान चालवायचे, ठरावीक आसनांचे भाडे मर्यादेत ठेवायचे आणि तिकीट कुणालाही विकायचे. नागरिकाला त्यातून प्रवास मिळतो, म्हणून जनतेच्या पैशातून दिलेली ती सूट न्याय्य ठरते. खासगी जेटवर असे एकही बंधन नाही आणि असावे असेही मी म्हणत नाही. पण बंधन नको आणि सवलत मात्र हवी, हे एकाच तोंडाने मागता येत नाही.

आता दुसरा मुद्दा, भाडे लावले तर विमान पळेल. इथे सरळ हिशेब करून पाहावा. आपल्याकडे पार्किंगचे शुल्क बहुधा वजन गुणिले तास असे आकारतात. पहिले दोन तास फुकट, शिवाय उतरल्यापासून उभे राहीपर्यंत आणि निघताना धावपट्टीपर्यंत जायला प्रत्येकी पंधरा मिनिटे धरून देतात. नऊ टनांचे एक मध्यम जेट संध्याकाळी सातला आले आणि सकाळी सातला गेले, तर अर्धा तास पूर्ण धरून आकारणीचे तास दहा होतात. टनामागे ताशी पाच रुपये धरले तर रात्रीचे भाडे 450 रुपये. हेच जेट रिकामे नागपूरला न्यायचे तर एका फेरीला तीनशे लिटर इंधन आणि लिटरला ऐंशी रुपये धरू. जाण्याचे 24,000, सकाळी प्रवाशाला घ्यायला परत येण्याचे तेवढेच. म्हणजे 450 रुपये वाचवायला 48,000 रुपये जाळायचे आणि नागपूरचे लँडिंग शुल्क वेगळे. दर थोडे वर-खाली झाले तरी या दोन आकड्यांमधली दरी बुजत नाही. रात्रीचे भाडे दहापट केले तरी जेटवाल्याच्या ते खिजगणतीतही नसेल. भाडे माफ केल्याने जे विमान येत नाही, ते भाडे घेतल्याने जात नाही.

विमान येते ते कामासाठी, आणि थांबते ते तिथे थांबण्यासारखी व्यवस्था असेल तर. 2009 साली राज्यातले नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती असे पाच विमानतळ 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे गेले. धावपट्ट्या होत्या, उभे राहायला जागाही होती. तरी यवतमाळ आणि धाराशिवला नियमित प्रवासी सेवा रुजली नाही. नागपूरचा दाखला याच्या उलट आहे. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटे आपापल्या गावी पोचत. नागपूर देशाच्या मध्यावर होते आणि अपरात्री तिथे उजेड, माणसे आणि काम होते. विमाने त्यासाठी थांबत.

उरला रिकाम्या जागेचा मुद्दा. संध्याकाळी जेट उभे राहिले की चाकांखाली चॉक लागतात, इंजिनांच्या तोंडांवर आणि पिटो नळीवर लाल आवरणे चढतात आणि वैमानिक हॉटेलकडे निघतात. तिथून सकाळपर्यंत कोट्यवधींचे ते यंत्र विमानतळाच्या राखणीत असते. एप्रनवरचे, म्हणजे विमाने उभी करायच्या जागेवरचे दिवे, कुंपणावरचा पहारा, रानडुक्कर किंवा रोही आत शिरू नये म्हणून घातलेली गस्त, उन्हाळ्यात वावटळ उठली तर विमान बांधायला लागणारी माणसे, या सगळ्याला रात्रपाळीचा पगार लागतो. दिवसा चालणाऱ्या विमानतळावर हा खर्च पुष्कळदा त्या एका मुक्कामापायीच होतो.

जमिनीचाही खर्च आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर एप्रन टिकवायचा तर पाया खोल आणि महाग करावा लागतो. सांडलेले इंधन डांबर विरघळवते, म्हणून विमाने उभी करायची जागा काँक्रीटची करतात. त्यात वजनाचे सूत्र लहान जेटला विनाकारण झुकते माप देते. नऊ टनांचे जेट 23 टनांच्या एटीआर-72 पेक्षा हलके खरे, पण अशा अनेक जेटच्या टायरमधला दाब एटीआरपेक्षा बराच जास्त असतो, आणि एप्रनवर दोन-तीनच जागा असतील तर ते एक पूर्ण जागा अडवते. ती रिकामी नसेल तर सकाळच्या प्रवासी विमानाची पंचाईत होते.

मग भाडे ठरवावे कसे? माझ्या मते त्याला एक तळ आहे आणि एक छत. तळ म्हणजे त्या एका रात्रीचा खरा खर्च. त्याहून कमी घेतलेला प्रत्येक रुपया करदात्याच्या खिशातून जातो. छत म्हणजे रिकामे विमान जवळच्या विमानतळावर नेऊन परत आणण्याचा खर्च. 'श्रीमंत आहे, पिळून घ्या' म्हणणारे हे छत विसरतात. ते ओलांडले तर विमान खरोखरच जाईल आणि वर नाहक इंधन जळेल. वजन-तासाऐवजी 'एक जागा, एक रात्र' असा ठोक दर असावा. तिसऱ्या रात्रीपासून तो चढावा, म्हणजे एप्रनचे गोदाम होणार नाही. हवामानामुळे वळवलेल्या विमानाकडून पहिल्या रात्री निव्वळ खर्चच घ्यावा.

सूट कामाला असावी, माणसाला नको. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) इथे मोठी रुग्णालये असलेल्या जिल्ह्याला एअर अँब्युलन्सचे मोल वेगळे सांगायला नको. तिला आणि आपत्तीतल्या मदतीच्या विमानांना पूर्ण माफी द्यावी आणि तशी नोंद ठेवावी. मंत्र्याचे विमान आले तर त्याच्या खात्याने दर भरावा. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो कराराचे पंधरावे कलम परदेशी विमानाकडून देशी विमानापेक्षा जास्त शुल्क घेऊ देत नाही, आणि विमान नियम 1937 मधला 86 वा नियम एकच दरपत्रक ठळक जागी लावायला सांगत आला आहे. दर सर्वांना दिसावा आणि सर्वांना सारखा लागावा, हे तत्त्व लहान विमानतळाने तर कसोशीने पाळायला हवे, कारण तिथे ओळखीपाळखीचा दाब सर्वात जास्त असतो.

वर्षाला 35 लाखांहून कमी प्रवासी असलेले विमानतळ सहसा विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाच्या दरनिश्चितीच्या कक्षेत येत नाहीत. तिथला दर विमानतळ चालवणारा आणि सरकार ठरवतात, आणि गावाने विचारले नाही तर तो कुणाच्या तरी फोनवरही ठरू शकतो. म्हणून वर्धेकरांनी उद्या धावपट्टी मागितली तर त्याच निवेदनात रात्रीच्या मुक्कामाचे दरपत्रक आणि दर महिन्याच्या जमाखर्चाचे जाहीर प्रकटनही मागावे. हे दोन्ही द्यायची तयारी नसेल, तर त्या धावपट्टीसाठी शेतकऱ्याचे वावर घेण्याचा अधिकार कुणाला पोचत नाही.