ग्रामीण हवेलीतील रहस्यकादंबरी

इंग्रजी रहस्यवाङ्मयातील एक प्रकार. गावाबाहेरील प्रशस्त हवेली, तेथे जमलेले मोजके आप्त, पाहुणे व नोकर, त्यांपैकी एकाचा खून आणि उरलेल्यांतीलच एक खुनी, अशी त्याची सर्वसाधारण बांधणी असते. बाहेरचा कोणी आत आलेला नाही, हे प्रथम स्पष्ट होते. मग गुप्तहेर जबान्या, वेळा व वस्तू यांची छाननी करून केवळ तर्काने अपराध्यापर्यंत पोहोचतो.

या प्रकाराच्या घडणीत एका प्रत्यक्ष गुन्ह्याचा वाटा आहे. १८६० मध्ये विल्टशर परगण्यातील रोड हिल हाउस या घरात एका लहान मुलाचा खून झाला. स्कॉटलंड यार्डचे अधिकारी जॉनथन विचर यांनी घरातीलच तरुण मुलीवर संशय घेतला. परंतु सामान्य स्थितीतील पोलिसाने प्रतिष्ठित कुटुंबाच्या खाजगी जीवनात शिरावे, हे जनमताला रुचले नाही व विचर यांची अपकीर्ती झाली. १८६५ मध्ये त्या मुलीने, कॉन्स्टन्स केंट हिने, अपराध कबूल केला. या प्रकरणातील काही धागे विल्की कॉलिन्सने द मूनस्टोन (१८६८) या कादंबरीत वापरले. तीतील कल्पित हिरा १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने बळकावलेला असून तो यॉर्कशरमधील हवेलीतून चोरीस जातो व अखेर सोमनाथास परततो. हवेलीच्या वैभवामागील अन्याय या आरंभीच्या कृतीत असा उघडपणे आला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर या प्रकारास बहर आला. ॲगाथा ख्रिस्तीची द मिस्टीरिअस अफेअर ॲट स्टाइल्स (१९२०), ए. ए. मिल्नची द रेड हाउस मिस्टरी (१९२२) व ख्रिस्तीचीच द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड (१९२६) या प्रसिद्ध कादंबऱ्या होत. वाचकापासून दुवे लपवू नयेत, यांसारखे दहा नियम रॉनल्ड नॉक्सने १९२९ मध्ये सांगितले. १९३० मध्ये लंडनला ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. एक अपराधी बाजूला केला की विस्कटलेली समाजव्यवस्था पूर्ववत होते, हा दिलासा या कादंबऱ्यांच्या लोकप्रियतेचे एक कारण म्हणता येईल.

मराठीत भालबा केळकरांनी शेरलॉक होम्सच्या कथा आणि मधुकर तोरडमलांनी ख्रिस्तीच्या कादंबऱ्या अनुवादिल्या. स्वतंत्र निर्मितीत मात्र हा साचा फारसा रुजला नाही. बाबुराव अर्नाळकरांनी (१९०६–९६) हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; त्यांचे झुंजार व काळा पहाड हे नायक प्रामुख्याने महानगरात वावरतात आणि कायद्याची चौकट ओलांडूनही दुर्बलांना न्याय मिळवून देतात. सुहास शिरवळकरांचे (१९४८–२००३) फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास इ. नायकही धाडसी वृत्तीचे आहेत.

हवेलीसारखी वास्तू महाराष्ट्रात नव्हती, असे नाही. नागपूर जिल्ह्याच्या काटोल–नरखेड भागासह जुन्या मध्य प्रांतात मालगुजारांचे वाडे होते. एकत्र कुटुंब, कारभारी, गडीमाणसे, वारसाहक्काचे तंटे ही रहस्यकथेची सारी सामग्री तेथे होती. तथापि सारा वसुली व देवघेव यांमुळे वाड्याचा दर्शनी भाग गावास खुला असे. मोजक्याच संशयितांवर आधारलेला इंग्रजी साचा त्यास सहज लागू पडणारा नव्हता. पुढे १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व वाड्यांचा आर्थिक आधार गेला.

मराठी वाचकाने इंग्रजी हवेलीतील तर्काचा खेळ आवडीने वाचला. पण आपला नायक निवडताना त्याने वाड्याची घडी सावरणाऱ्यापेक्षा अन्यायाविरुद्ध उभा राहणारा पसंत केला. या वाङ्मयाकडे केवळ करमणूक म्हणून पाहणाऱ्या समीक्षेच्या नजरेतून ही निवड बहुधा निसटली आहे.